गोव्याच्या स्वयंपाकघरातली चिलटं: नव्याने बिऱ्हाड थाटणाऱ्यांसाठी

गोव्यात नवं बिऱ्हाड थाटलं की पहिल्या महिन्याभरात दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे इथे कपडे वाळत नाहीत. दुसरी म्हणजे ओट्यावर केळी ठेवली की दोन दिवसांत त्यांच्याभोवती चिलटं घिरट्या घालायला लागतात. पुणे-सोलापूरकडून नोकरीला आलेली मंडळी म्हणतात, "आमच्याकडे एवढी नव्हती हो!" आणि ते खरंही असतं. देशावरच्या कोरड्या हवेत ओट्यावर सांडलेला आमरसाचा थेंब थोड्या वेळात वाळून खडखडीत होतो. इथे, त्यातून पावसाळ्यात, तोच थेंब रात्रभर ओला राहतो, सकाळपर्यंत आंबतो आणि चिलटाला जे हवं ते आयतं मिळतं.

बहुतेक जण उपाय उलट्या टोकाने करतात. आधी फवारा, मग कापूर, मग वाटीत व्हिनेगर, आणि शेवटी कधीतरी कांद्या-बटाट्याची टोपली उपसली जाते. क्रम नेमका याच्या उलट हवा. उडणारी चिलटं फक्त दिसतात. ती जन्माला येतात ती जागा दिसत नाही. घरात कुठेतरी एक ओला, आंबलेला कोपरा असतो. तो सापडेपर्यंत बाकी सगळी नुसती धावपळ. म्हणून पुढच्या पायऱ्या शक्यतो लिहिलेल्या क्रमानेच करा.

पायरी पहिली: माशी कोणती ते बघा

स्वयंपाकघरातलं नेहमीचं चिलट अडीच-तीन मिलिमीटरचं, पिवळट तपकिरी, जवळून पाहिलं तर लालभडक डोळ्यांचं. उडतं संथ, फळाभोवती नाहीतर बियरच्या ग्लासाभोवती. याचं शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला. जीवशास्त्र शिकलेल्यांना ते आठवेल: टॉमस हंट मॉर्गन यांनी १९१० मध्ये याच्याच एका जातीत पांढऱ्या डोळ्यांचा नर पाहिला आणि तिथून पुढे गुणसूत्रांचा अभ्यास उभा राहिला. १९३३ चं नोबेल त्यांना मिळालं. प्रयोगशाळांना ही माशी इतकी का आवडली? बाटलीत थोडं आंबूस खाणं ठेवलं की साधारण दहा दिवसांत नवी पिढी तयार. आपल्या स्वयंपाकघरात नेमकं हेच नडतं.

नहाणीच्या भिंतीवर, मोरीच्या जाळीजवळ चिकटून बसलेली, करड्या रंगाची, केसाळ, पंख बदामाच्या आकाराचे पसरलेली माशी वेगळी. ती पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात वाढते आणि केळ्याकडे ढुंकूनही बघत नाही. कुंड्यांच्या मातीवरून उठणारी, काळी, लांब पायांची बारीक माशी आणखी वेगळी. तिथे कुंडीला पाणी कमी घालणं हाच उपाय. या दोघींसाठी व्हिनेगरची वाटी लावून काही होत नाही.

तिसरी गफलत बागायतीच्या दुकानात होते. तिथे 'फळमाशी' म्हटलं की दुकानदार आंब्यावरच्या माशीचा सापळा काढून देतो. ती माशी घरमाशीएवढी, अंगावर पिवळे पट्टे असलेली, शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. ती झाडावरच्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. कापलेल्या मानकुराद आंब्यात अळ्या निघतात त्या हिच्या. २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली, तीही असल्या माश्यांमुळेच. तिच्यासाठी मिथाईल युजेनॉलचे सापळे मिळतात आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा कोकणात ओळखीचा आहे. परसात आंब्याचं झाड असेल तर तो जरूर टांगा. पण त्याचा वास असल्या माश्यांच्या नरांनाच खेचतो. स्वयंपाकघरात टांगलात तर तो नुसता शोभेचा, आणि ओट्यावरची चिलटं केळ्यांवर मजेत.

पायरी दुसरी: दहा दिवसांचं गणित डोक्यात ठेवा

मादी पिकल्या, फुटक्या, आंबायला लागलेल्या फळावर अंडी घालते. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, पांढरं, तांदळाच्या कणीच्या आकाराचं, आणि एका टोकाला दोन बारीक धागे. अंडं ओल्या गरात रुतलं तरी हे धागे वर राहतात आणि त्यांतून त्याला हवा मिळते. पंचवीस अंश तापमानात एका दिवसात अळी बाहेर पडते, चार-पाच दिवस आंबलेला गर आणि त्यातलं यीस्ट खाते, मग कोश करते, आणि आणखी चार-एक दिवसांत माशी उडते. एक मादी आयुष्यात चारशे-पाचशेपर्यंत अंडी घालू शकते.

यातली दोन टोकं कामाची. पहिलं, कोश करायची वेळ आली की अळी ओल सोडून कोरड्या जागी चढते. म्हणून कचऱ्याच्या डब्याच्या आतल्या बाजूला, झाकणाच्या कडेखाली, रिकाम्या बाटलीच्या मानेत तपकिरी, जिऱ्याहून बारीक दाणे चिकटलेले दिसतात. एका टोकाला दोन इवली शिंगं असतात. त्यांना वाळलेला मसाला समजून सोडू नका; ते कोश आहेत. ते दिसले म्हणजे जन्मस्थान हातभर अंतरावर आहे. दुसरं, तुम्ही आज घासूनपुसून सगळं स्वच्छ केलंत तरी आधीच झालेल्या कोशांतून पुढचा आठवडाभर माश्या निघतच राहणार. तिसऱ्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून हात टेकणारे इथेच चुकतात.

थंड प्रदेशात हिवाळा या चक्राला खीळ घालतो. गोव्यात तशी सुट्टी नाही. डिसेंबरातही इथल्या स्वयंपाकघरात त्यांना पुरेशी ऊब असते.

पायरी तिसरी: जन्मस्थान शोधा

हा लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. त्याला एक संध्याकाळ द्या.

संध्याकाळ मुद्दाम म्हटलं, कारण चिलटं पहाटे आणि दिवेलागणीला सर्वांत जास्त हलतात. पंखा बंद करा, ओट्यापाशी दोन मिनिटं गप्प उभे राहा आणि एकेक वस्तू हलकेच हलवा: टोपली, डबा, फडकं, मिक्सर. जिथून झुबका उठेल तिथे थांबा. फळांच्या परडीवरून उठली तर लगेच परडीला दोष देऊ नका. ती खाण्यासाठी तिथे जमली असतील आणि वाढत दुसरीकडे असतील.

पावसाळ्यात पहिला संशय बटाट्यांवर घ्या. टोपलीच्या तळाशी एखादा बटाटा असतो. वरून साल शाबूत, दिसायला ठणठणीत. उचलायला गेलं की बोट आत जातं, खाली काळपट पाणी ओघळतं आणि असा वास येतो की शेजारच्या फ्लॅटमध्येही कळावं. त्या पाण्यात अळ्या वळवळत असतात. फक्त तो बटाटा फेकून भागत नाही. त्याच्या पाण्याने भिजलेला खालचा कागद, टोपलीच्या वेताच्या खाचा, शेजारचे चिकट झालेले कांदे, सगळं निघालं पाहिजे. टोपली धुऊन उन्हात, ऊन नसेल तर पंख्याखाली, पूर्ण कोरडी करा. इथे पावसाळ्यात कांदे-बटाटे पाच किलो एकदम आणू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. किलोमागे चार रुपये वाचतात आणि अर्धा किलो सडतो.

टोपलीत काही नसेल तर शोध असाच पुढे न्या. मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग काढून बघा. तिच्याखाली चटणीचा थर असतो. विळीच्या खवणीत आणि पाटाच्या सांध्यात ओल्या नारळाचा कीस अडकतो. गोव्यात नारळ रोज खोवला जातो, त्यामुळे ही जागा रोज भरते. भांड्यांच्या जाळीखालचा ट्रे, पाण्याच्या फिल्टरखालची तबकडी, गॅसच्या शेगडीखालचा भाग, कडक न पिळता ठेवलेलं फडकं, भांडी घासायचा स्पंज. फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरच्या वर एक ट्रे असतो, त्यात बर्फाचं पाणी साचतं. फ्रिजमधला आमरस किंवा दूध सांडून तिथवर पोचलेलं असतं आणि घरमालकाला त्या ट्रेचा पत्ताही नसतो.

आणि देवघर. नैवेद्याचं केळं, फोडलेल्या नारळाची वाटी, पंचामृताचा ओघळ, पिशवीत भरून ठेवलेलं निर्माल्य. सगळं घर चकचकीत करून शेवटी चिलटं सापडतात ती देव्हाऱ्याच्या खणात, असं अनेक घरांत होतं. निर्माल्य रोजच्या रोज कुंडीत किंवा झाडाच्या बुडाशी टाका.

बाटल्यांचं वेगळं सांगतो, कारण हा खास इथला मामला आहे. बियरच्या, उर्राकच्या (काजूच्या बोंडूंच्या रसाची हलकी दारू), शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्या भंगारवाल्यासाठी बाल्कनीत जमा होतात. प्रत्येकीच्या तळाशी चमचाभर उरलेलं असतं. आंबलेल्या वासाने चिलट आत शिरतं, त्याला बाहेर पडायची घाई नसते, आणि मानेच्या आतल्या बाजूला कोशांची रांग लागते. उपाय सोपा आहे: बाटली रिकामी झाली की लगेच पाण्याने खळबळा आणि उलटी करून ठेवा. कोकम सरबताच्या बाटलीचंही तसंच. आत साखरेचा पाक घट्ट असल्यामुळे सरबत सहसा बिघडत नाही, पण बाहेर ओघळलेला पाक हवेतली ओल पितो, पातळ होतो आणि बाटलीच्या बुडाखाली चिकट वर्तुळ करून आंबतो.

पायरी चौथी: बाजारातून आलेली फळं

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून असो की दारावर येणाऱ्या बाईकडून, फळं घरात आली की थेट परडीत नकोत. पिकल्या फळावर, देठाच्या खाचेत, सालीच्या भेगेत अंडी आधीच असू शकतात. केळ्याची फणी नळाखाली धरा, विशेषतः जिथे सगळी केळी एकत्र जोडलेली असतात तो जाड देठ बोटाने चोळा, आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. इथे पुसणं हे धुण्याइतकंच महत्त्वाचं आहे. ओलं फळ परडीत गेलं तर धुण्याचा फायदा निम्मा. आंबे, चिकू, पेरू यांचंही तेच. द्राक्षं मात्र आणली तशी फ्रिजमध्ये आणि खाण्याआधी धुवा.

मग फळांचे दोन भाग करा: अजून पिकायची आहेत ती बाहेर, पिकलेली फ्रिजमध्ये. फ्रिजच्या थंडीत अंडी-अळ्यांची वाढ थांबते. केळ्याची साल फ्रिजमध्ये काळी पडते म्हणून लोक टाळतात, पण आतला गर दोन-तीन दिवस उत्तम राहतो. साळदाटी किंवा मयड्याची मोठी केळी घडानेच घेतली असतील तर इथल्या जुन्या घरांसारखी दोरीने टांगा. घड टेकलेला नसला की केळी चेपत नाहीत आणि भोवती वारा खेळतो. घडातलं सर्वांत पिकलेलं केळं रोज काढायची सवय लावा. एक फुटलेलं केळं अख्ख्या घडावर चिलटांना बोलावतं.

बाहेरच्या फळांवर मलमलीचं किंवा जुन्या धोतराचं फडकं घाला, कडा नीट टेकवून. खिडकीला डासांची जाळी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. साध्या जाळीच्या भोकांतून बारीक चिलट आत येतं.

आंबोळीचं किंवा सान्नांचं पीठ फुगायला ठेवता तेव्हाही हेच. यीस्टचा वास चिलटाला पिकल्या फळाहून प्यारा. नुसतं ताट झाकणं पुरत नाही, फट राहते. भांड्याच्या तोंडाला फडकं दोरीने बांधा. रेंदेर (माडी काढणारा) माडावरून सूर, म्हणजे माडी, उतरवतो; ती सूर गाळून का घेतात हे एकदा भांड्यात डोकावलात की कळेल.

पायरी पाचवी: हंगाम बघून तयारी

मार्च ते मे काजूचे दिवस. सत्तरी, डिचोली, पेडणे, काणकोण अशा भागांत राहत असाल तर बोंडूंचा वास वाऱ्यावरच असतो, आणि आसपास काजूच्या दारूची भट्टी असेल तर चिलटं घरात तयार व्हायचीही गरज नसते, ती येतातच. अशा वेळी शून्य चिलटं हे ध्येय ठेवू नका. आपल्या घरात त्यांना अंडी घालायला जागा मिळू नये, एवढंच आपल्या हातात. बोंडू हौसेने आणलेत तर त्याच दिवशी मीठ लावून खा. उन्हाळ्यात नीरो (बोंडूंचा ताजा रस) बाहेर ठेवला तर काही तासांतच आंबायला लागतो. तो फ्रिजमध्ये, घट्ट झाकणात.

एप्रिल-मेमध्ये मानकुराद आणि फणस. आंब्याची साल आणि कोय ताटात तासभरसुद्धा पडू देऊ नका. जेवणं उरकली की ती सर्वांत आधी उचला, भांडी मागाहून. फणस घरी फोडायचाच असेल तर बाहेर अंगणात किंवा गॅलरीत कागद अंथरून. रसाळ फणसाचा चीक आणि रस फरशीच्या फटीत गेला की तो निघता निघत नाही. हाताला तेल लावतो तसंच सुरीला आणि फरशीच्या त्या तुकड्यालाही थोडं तेल लावा, नंतर साबणाच्या गरम पाण्याने पुसा. याच दिवसांत भिरंडं (कोकमाची फळं) फोडून त्यांच्या सालींची सोलं वाळत घालतात. पहिल्या दोन दिवसांत, साल ओली असताना, वरून मलमल हवीच.

मग चतुर्थी. गणपतीच्या वर माटोळी बांधतात: केळ्यांचे घड, नारळ, सुपारीचे घोस, तोरिंग, आंबाडे, चिबूड, रानातली फळं. गोव्याबाहेरून आलेल्यांना पहिल्यांदा बघताना हरखायला होतं. पण विचार करा, ऐन पावसाळा, घरभर माणसं, दिवे, उदबत्त्या, आणि डोक्यावर फळं. दीड दिवसाच्या गणपतीत काही होत नाही. पाच, सात, अकरा दिवसांचा असेल तर पूर्वतयारी हवी. माटोळीसाठी केळी हिरवीच निवडा, पिवळेपणाची झाक आलेली नको. चिबूड सर्वांत दगाबाज. तो पिकला की आपोआप तडकतो आणि त्याचा वास घरभर जातो. बांधताना देठाजवळ बोटाने दाबून बघा, दबत असेल तर तो खाऊन टाका आणि दुसरा बांधा. प्रत्येक फळ पुसून कोरडं करून बांधा. रोज सकाळी आरतीआधी एकदा वर नजर टाका. फुटलेलं फळ दिसलं तर ते काढायचं की कसं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारूनच. रीत घराघरात वेगळी असते. आणि नैवेद्याचे मोदक-नेवऱ्या झाकून, खाली चौरंगावर ठेवलेली कापलेली फळं पूजा झाली की लगेच वाटून टाका. प्रसाद वाटायला उशीर झाला की आधी चिलटंच तो घेतात.

पायरी सहावी: ओला कचरा

पंचायतीची किंवा पालिकेची गाडी तुमच्या वाड्यावर ओला कचरा कोणत्या दिवशी नेते ते पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांना विचारून घ्या. रोज येत असेल तर प्रश्न सोपा. दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येत असेल तर फळांच्या साली डब्यात टाकूच नका. जुना आइस्क्रीमचा डबा फ्रीजरमध्ये ठेवा, साली, कोयी, फणसाचा मधला गाभा त्यात टाका, आणि गाडीच्या सकाळी तो कचऱ्यात रिकामा करा. ऐकायला विचित्र वाटतं, घरातल्या सासूबाई नाक मुरडतील, पण आठवडाभरात फरक दिसतो. गोठल्यावर अंडी-अळ्या मरतात आणि वासही सुटत नाही.

डब्याला झाकण हवं, आणि तळाशी वर्तमानपत्राची जाड घडी. पिशवीला भोक पडून डब्याच्या तळाशी जे पाणी साचतं, तेच खरं माहेरघर. आठवड्यातून एकदा डबा साबणाने घासा, आतल्या कडेचे कोश नखाने किंवा ब्रशने खरवडून काढा.

घरी खत करत असाल तर सालीचा थर उघडा राहता कामा नये. एक भाग ओलं टाकलं तर दोन भाग कोरडं वर: सुका पालापाचोळा, नारळाच्या सोडणाचा भुसा, लाकडाचा भुसा. गोव्यात सोडणं फुकट मिळतात. त्यांचा भुसा यासाठी उत्तम. खताचा डबा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवू नका, इतकंच.

पायरी सातवी: सिंक आणि मोरी

सिंकमधून चिलटं येतात की नाही हे ओळखायची सोपी युक्ती: रात्री सगळं आवरल्यावर सिंकच्या भोकावर काचेचा ग्लास उलटा घालून ठेवा. सकाळी ग्लासात माश्या दिसल्या तर पाइपात वाढ आहे. दोन-तीन रात्री करा, एकीवर विसंबू नका.

वाढ असेल तर पाइपाच्या आतला बुळबुळीत थर खरवडून काढावा लागतो. लांब दांड्याचा बाटली धुण्याचा ब्रश घ्या, जाळी उचला, आत-बाहेर घासा, मग साबणाचं गरम पाणी सोडा. अगदी उकळतं नको. हल्लीचे पाइप पीव्हीसीचे असतात, त्यांचे सांधे सैल होतात. सोडा आणि व्हिनेगर ओतून फेस काढण्याची पद्धत लोकप्रिय आहे. फेस बघायला छान, पण दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि थर बऱ्यापैकी तिथेच राहतो. ब्लीच वापरणारच असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ब्लीच आणि व्हिनेगर किंवा कोणतंही आम्ल एकत्र कधीही ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद स्वयंपाकघरात तो छातीला बाधतो.

पायरी आठवी: आता सापळा

सापळा इतक्या शेवटी का, ते आतापर्यंत कळलं असेल. त्याचं काम उरलेल्या माश्या टिपणं आणि तुमचा उपाय लागू पडतोय की नाही हे सांगणं.

कृती: छोटा ग्लास घ्या. त्यात दोन बोटं माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर ओता. गोव्यात ते कुठल्याही वाण्याकडे मिळतं. पांढरं, नुसत्या आम्लाचं स्वस्त व्हिनेगर कमी चालतं, कारण त्यात आंबवल्याचा वास नसतो. भांडी घासायच्या द्रवाचा एकच थेंब टाका आणि हलकेच ढवळा, फेस होऊ देऊ नका. या थेंबाशिवाय चिलट पाण्याच्या पृष्ठभागावर उभं राहतं, घोट घेतं आणि उडून जातं. साबणाने पृष्ठभागाचा ताण मोडतो आणि ते बुडतं. ग्लासाच्या तोंडावर कागदाचं नरसाळं, टोकाला अगदी बारीक भोक ठेवून. ग्लास फळांच्या परडीपासून थोडा लांब ठेवा.

दर दोन-तीन दिवसांनी ग्लास बदला. काही जण सापळ्यात केळ्याचा तुकडा टाकून आठवडे ठेवतात. साबण नसेल तर तो सापळा राहत नाही, तिथे माश्यांची पैदास सुरू होते.

फवारे स्वयंपाकघरात नकोच. ते उडणाऱ्या माशीला मारतात, बटाट्याच्या आतल्या अळीपर्यंत पोचत नाहीत, आणि अन्नाशेजारी विष कशाला? कापूर-उदबत्तीने तासभर बरं वाटतं, त्यापलीकडे काही नाही. उलट एक साधी गोष्ट उपयोगी पडते: जेवताना टेबलपंखा ताटाकडे लावा. चिलट उडण्यात दुबळं असतं, वाऱ्यात त्याला ताटावर उतरता येत नाही.

आता मोजणी. दररोज सकाळी ग्लासात साधारण किती पडली ते बघा. जन्मस्थान खरंच गेलं असेल तर पहिले चार-पाच दिवस आकडा फारसा हलणार नाही, मग झपाट्याने घसरेल. दोन आठवड्यांनंतरही रोज तितकीच पडत असतील तर घरात दुसरी जागा आहे. पुन्हा तिसऱ्या पायरीवर जा आणि यावेळी फ्रिज ओढून मागे बघा. शेजारच्या फ्लॅटमधून येत असतील अशीही शक्यता असते, विशेषतः शेजारी गावी गेले असतील तर.

गावी जाताना

दिवाळीला किंवा मे महिन्यात आठ-दहा दिवस घर बंद करून जाणार असाल, तर तेवढ्यात एक अख्खी पिढी तयार होऊ शकते. निघण्याआधी सगळी फळं शेजाऱ्यांना द्या किंवा सोबत घ्या, एक केळंसुद्धा मागे नको. कांदे-बटाटे टोपली ओतून तपासा आणि शंका असेल ते काढा. कचऱ्याचा डबा रिकामा करून धुऊन, झाकण उघडं ठेवून वाळवा. बाटल्या खळबळा. देव्हाऱ्यातला नैवेद्य आणि निर्माल्य काढा. फडकी, स्पंज, पोछा बाहेर दोरीवर. सिंकच्या आणि मोरीच्या जाळीवर ग्लास किंवा वाटी उलटी ठेवा. वीज बंद करून जाणार असाल तर फ्रिज रिकामा करून, पुसून, दार थोडं उघडं ठेवा, आणि मागच्या त्या ट्रेमधलं पाणी आठवणीने ओता.